विरार लोकलपेक्षा जुनी चेष्टा

मुंबईत 'पारसी पंच' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक निघालं १८५४ साली. विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली १८६७ साली. म्हणजे लोकलमध्ये खिडकी पकडायची धडपड सुरू व्हायच्या तेरा वर्षं आधी मुंबईकर व्यंगचित्रं पाहून हसत होते! १८८८ला या साप्ताहिकाचं नाव 'हिंदी पंच' झालं. संपादक बरजोरजी नौरोजी आणि चित्रांतला नेहमीचा गडी पंचोबा. इकडे ठाण्याहून 'हिंदू पंच' नावाचं मराठी साप्ताहिक निघायचं, आणि वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती.

खेळावरचं जुनं व्यंगचित्र हाती आलं की मी आधी एकच गोष्ट बघतो. यात हसं कोणाचं केलंय?

१८११चं थॉमस रोलँडसनचं चित्र घ्या. लंडनजवळ हॅम्पशायर आणि सरे या परगण्यांच्या बायकांचा क्रिकेट सामना झाला. पैजा लावल्या दोन उमरावांनी, घाम गाळला बायकांनी. रोलँडसननं काय काढलं? झगे वर खोचून धावणाऱ्या, धडपडणाऱ्या धिप्पाड बाया आणि भोवती बघ्यांची गर्दी. हसं बायकांचंच. पण आज त्या चित्रात आधी दिसतो तो त्यांचा जोर. जीव तोडून धावतायत त्या!

१८९५च्या लंडनच्या 'पंच'मध्ये एक तरुणी सायकलचा पोशाख, म्हणजे चक्क विजार, घालून उभी आहे. मैत्रीण विचारते, सायकल कुठाय? ती म्हणते, सायकल नाही, पण शिवणयंत्र आहे की! विजार घालायला निमित्त हवं होतं, ते सायकलनं दिलं.

'अ‍ॅशेस'चा जन्मही चेष्टेतूनच झाला. १८८२ला ओव्हलवर इंग्लंड ऑस्ट्रेलियाकडून हरलं आणि रेजिनाल्ड ब्रूक्सनं 'स्पोर्टिंग टाइम्स'मध्ये इंग्लिश क्रिकेटची निधनवार्ता छापली. त्याचे वडील शर्ली ब्रूक्स 'पंच'चे संपादक होते, तेव्हा टवाळी रक्तातच!

आता आपल्याकडे या. मुंबईच्या मैदानावर गोरे पोलो खेळायचे आणि घोड्यांच्या टापांनी क्रिकेटची जमीन उखडायची. पारशांनी अर्जांवर अर्ज केले. शापूरजी सोराबजींनी १८९७ला या भांडणावर पुस्तकच लिहिलं. मधल्या काळात, १८९०ला, पारशांनी व्हर्ननच्या इंग्लिश संघाला हरवूनही दाखवलं.

आणि पालवणकर बाळू. डावखुरा फिरकी गोलंदाज, चांभार समाजातला. पुण्यात सवर्ण सहकारी त्याच्याच संघात खेळायचे, त्यानं टाकलेला चेंडू हातात घ्यायचे, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला आहे! यापुढे कुठल्याही व्यंगचित्रकारानं आणखी काय काढायचं? फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूची गोलंदाजी होती. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कप्तानपद पालवणकरांच्या घरात यायला १९२३ उजाडलं. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला.

अशा रूढींवर मराठीत कुंचला चालवला तो शं. वा. किर्लोस्करांनी. त्यांच्या 'टाकांच्या फेकीं'नी अंधश्रद्धा आणि जुनाट चालींची भर चौकात शोभा केली. ती चित्रं आजही टोचतात, आणि टोचायलाच हवीत.

बुद्धिबळातही हसं फिरलं. १९७६ला तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. पुरुषांनी हरकत घेतली. प्रकरण जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांच्यापर्यंत गेलं आणि निकाल लागला: बाई म्हणून कोणाला अडवता येणार नाही. मग हसं झालं ते हरकत घेणाऱ्यांचं.

मुंबईच्या रस्त्यांवर १९६६पासून झळकणाऱ्या 'अमूल'च्या मुलीलाही सुरुवातीच्याच एका फलकावर घोडेशर्यतीचा मोसम म्हणून घोड्यावर बसवलं होतं. पुढे क्रिकेटचा मोठा सामना आणि तिचा फलक ही जोडी ठरूनच गेली! नोव्हेंबर २०२५मध्ये भारताच्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. रोलँडसनच्या त्या चित्राला तेव्हा २१४ वर्षं झाली होती.

आपल्या वसई-विरार-पालघर पट्ट्यानंही व्यंगचित्रकारांना विषय कमी दिलेले नाहीत. विरारच्या पृथ्वी शॉनं २०१३ला हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा काढल्या. पालघरचा शार्दूल ठाकूर किटबॅग सांभाळत लोकलनं मुंबई गाठायचा. त्या गर्दीत किटबॅगसकट चढणं हे चित्र कोणीतरी काढायलाच हवं.

डिसेंबरअखेरीस वसईच्या चिमाजी अप्पा मैदानावर कला-क्रीडा महोत्सव भरतो. कला आणि क्रीडा एकाच मांडवात असताना खेळावरच्या व्यंगचित्रांचं एक दालन तिथे मांडायला काय हरकत आहे? तुमच्या माळ्यावर जुने 'मार्मिक', 'किर्लोस्कर' किंवा दिवाळी अंक पडले असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा चाळा. खेळावरचं चित्र सापडलं, तर तो अंक जवळच्या वाचनालयात नेऊन द्या.