छाटणीचा लॉपर निवडताना
भौगोलिक मानांकन मिळालेल्या जालन्याच्या मोसंबीच्या बागांत फळतोडणीनंतर सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढावी लागते. बोटभर जाडीपर्यंत सिकेटर पुरतो. पुढे साधारण 4 सेंमीपर्यंत लांब दांड्यांचा लॉपर आणि त्याहून जाड फांदीला करवत लागते. ओल्या फांदीसाठी एकमेकांवरून सरकणारी पाती घ्यावीत; त्यांनी साल चेंगरत नाही. सपाट बैठकीवर पाते टेकणारा लॉपर वाळक्या लाकडाला चालतो. पाते घडीव पोलादाचे व बदलता येणारे, मधला बोल्ट आवळता येणारा असावा. मुळे तोडण्याआधी माती झाडावी. खड्यांनी धार जाते. रोगट झाडानंतर पाती निर्जंतुक करावीत आणि मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावावी.