डीएनए धरून ठेवणारं नायलॉन

वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटाने १९३५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत घडवलेलं नायलॉन प्रसिद्ध झालं ते स्त्रियांच्या मोज्यांमुळे. जनुकांच्या प्रयोगशाळेत मात्र ते कागदासारख्या पातळ पडद्याच्या रूपात भेटतं.

एडविन सदर्न यांनी १९७५ मध्ये डीएनएचे तुकडे जेलमधून पडद्यावर उतरवून हवा तो तुकडा ओळखण्याची पद्धत मांडली. त्यांचा पडदा नायट्रोसेल्युलोजचा होता. वाळला की पापडासारखा तडकणारा. नायलॉन चिवट! त्यावर धनभार असला, की ऋणभारित डीएनए सहज चिकटतो आणि अतिनील किरणांनी ती पकड पक्की होते. मग खुणेचा एक तुकडा, म्हणजे प्रोब, धुऊन काढून त्याच पडद्यावर दुसरा लावता येतो. नमुना थेंबभरच असेल तेव्हा ही सोय लाखमोलाची.

प्रथिनांचं विरळ द्रावण गाळताना मात्र नायलॉनची गाळणी टाळावी. ती प्रथिनंही धरून ठेवते.