पेठेचा संघ, बर्फावरचा संघ
नृसिंहवाडीकरांना फुटबॉलचा हंगाम पाहायचा तर कोल्हापूरचं शाहू स्टेडियम गाठावं लागतं. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमी भिडतात. नाव कुस्तीचं, खेळ फुटबॉलचा! संघ पेठेचा असला तरी परगावचे, प्रसंगी नायजेरियाचेही खेळाडू आणले जातात.

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये संघ जुळवण्याचा हिशेब आणखी किचकट. सामन्याला 20 जण, त्यात 2 गोलरक्षक. बर्फावर एका वेळी 6. जेमतेम पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं, की खेळ चालू असतानाच बदलीची फळी आत. प्रशिक्षकाची खरी कसोटी बाकावर लागते. शिवाय 2005 पासून संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा आहे. एका ताऱ्यावर पैसा उधळला, की चौथ्या फळीत काटकसर आलीच.