जठरमार्गातील वरचा रक्तस्राव : कारणे आणि दुर्बिणीची तपासणी

कुठला रक्तस्राव? अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा पहिला भाग (ड्युओडेनम) यांतला.

लक्षणे : लाल किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती चिकट नसते.

कारणे
- जठर वा ड्युओडेनममधील व्रण (अल्सर) : मुख्य कारण. यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणू (शोध 1982, नोबेल 2005) किंवा वेदनाशामके. कंबर-गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्याही यातच येतात. अ‍ॅस्पिरिनसोबत धोका वाढतो.
- अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा : यकृताच्या सिरॉसिसमुळे, दारू आणि कावीळ बी, सी ही त्याची मोठी कारणे. रक्तस्राव अचानक आणि भरपूर.
- वारंवार ओकाऱ्यांनी पडलेली चीर (मॅलरी-वाइस), कर्करोग.

एंडोस्कोपी : आधी सलाइन, गरजेनुसार रक्त, मग साधारण 24 तासांत दुर्बीण. शिरांचा संशय असल्यास 12 तासांत. निदान आणि उपचार एकाच वेळी होतात : व्रणावर इंजेक्शन, क्लिप किंवा उष्णता, शिरांना रबरी बँड.

दुर्बिणीत दिसणाऱ्या व्रणाचे फॉरेस्ट वर्गीकरण (1974) : 1 – वाहते रक्त, 2 – उघडी रक्तवाहिनी, गुठळी किंवा काळा डाग, 3 – स्वच्छ तळाचा व्रण, पुन्हा रक्तस्रावाचा धोका सर्वांत कमी.

वऱ्हाडात : अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2002 पासून. तातडीची रुग्णवाहिका : 108.