ट्रॅक्टरने एअर घेतली!

मागच्या जूनमध्ये घरी गेलो होतो. वाफसा आलेला, पेरणी तोंडावर, आणि ट्रॅक्टर चालूच होईना. सेल्फ मारून बॅटरी उतरायला आली. अण्णा म्हणाले, "काय इंजिनिअर, आता सांगा!"

सायलेन्सरमधून धूर अजिबात नव्हता. म्हणजे डिझेल नोझलपर्यंत पोचतच नव्हतं. टाकीचा कॉक उघडा होता. पण आदल्या दिवशी टाकी कोरडी पडलेली, तेव्हा लाईनमध्ये हवा शिरली. डिझेल सहसा दबत नाही, म्हणून पंपाचा दाब थेट नोझलला मिळतो. नोझल उघडायला साधारण २०० बार लागतात. मध्ये हवा असली की तीच स्प्रिंगसारखी दबते, नोझल बंदच!

आमच्यासारख्या जुन्या, साध्या पंपाच्या ट्रॅक्टरला उपाय सोपा. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा, हँड प्रायमर मारा. फेस थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग तेच पंपाच्या स्क्रूवर. शेवटी नोझलकडचे पाइपनट किंचित सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा. हात लांब ठेवा. ती धार कातडीत घुसते. पुन्हा एअर घेतली तर टाकीकडचे वॉशर, पाइप तपासा.

तासाभरात ट्रॅक्टर धडधडला. अण्णा एवढंच म्हणाले, "फी वाया गेली नाही म्हणायची!"