लोकसंख्येचा अंदाज आणि वक्ररेषेचा मोह

कोरोनाच्या साथीमुळे देशाची २०२१ मधील जनगणना लांबणीवर पडली. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली, तीही २०२५ मध्ये. दरम्यानच्या काळात माणसे वाढली, पण राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यातील सुमारे ८१.३५ कोटी लाभार्थींची मर्यादा २०११ च्या गणनेवरच बेतलेली राहिली. मोजणी नसलेल्या वर्षांसाठी अंदाजावरच भिस्त ठेवावी लागते. हा अंदाज बांधण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे उपलब्ध आकड्यांमधून वक्ररेषा काढून ती पुढे वाढविणे. एक्सेल किंवा मोफत मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क संगणकावर असेल, तर हे काम काही मिनिटांचे आहे. फसगतही तितक्याच वेळात होते!

पहिल्या रकान्यात ० ते ६ हे अंक लिहावेत. ० म्हणजे १९५१, १ म्हणजे १९६१, याप्रमाणे. (थेट सन लिहिल्यास समीकरणातील अंक अवाढव्य होतात.) शेजारी लोकसंख्या कोटींत लिहावी : ३६.११, ४३.९२, ५४.८२, ६८.३३, ८४.६४, १०२.८७ आणि १२१.०९. नंतर 'स्कॅटर' प्रकारचा आलेख काढून एखाद्या बिंदूवर माऊसचे उजवे बटण दाबले, की 'ट्रेंडलाइन'चा पर्याय समोर येतो.

यामागील गणित जुने आहे. प्रत्येक बिंदू रेषेपासून उभ्या दिशेने किती दूर आहे ते मोजायचे, त्या अंतरांचे वर्ग करायचे आणि त्यांची बेरीज कमीत कमी येईल अशी रेषा निवडायची. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी ही 'न्यूनतम वर्ग पद्धती' १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. रेषा कितपत जुळली याचे गुण संगणक 'आर-वर्ग' या अंकाने देतो. १ म्हणजे पैकीच्या पैकी.

या गुणांवर किती विसंबावे? त्यासाठी शेवटचे तीन आकडे झाकून, १९५१ ते १९८१ या चारच बिंदूंवरून २०११ चे भाकीत करून पाहिले. सरळ रेषेला ०.९८६ गुण मिळाले. तिचे उत्तर आले ९९ कोटी. ठरावीक दराने वाढत जाणाऱ्या घातांकी वक्राला ०.९९९ गुण मिळाले आणि त्याचे उत्तर आले १२९ कोटी. प्रत्यक्षात संख्या १२१ कोटी निघाली. एकाची चूक २२ कोटींची, दुसऱ्याची आठ कोटींची. वाढीचा दर १९८१ नंतर मंदावत गेला, हे त्या चार बिंदूंना कसे ठाऊक असणार?

खरा मोह पुढेच आहे. सातही आकडे घेऊन 'पॉलिनॉमियल' म्हणजे बहुपदी हा पर्याय निवडावा आणि घात ६ ठेवावा. वक्र प्रत्येक बिंदूमधून अचूक जातो, आर-वर्ग १ येतो. हाच वक्र २०५१ पर्यंत वाढविला तर तो २६७ कोटी लोकसंख्या सांगतो! आता १९८१ च्या आकड्यात केवळ दहा लाखांची भर घालावी, म्हणजे ६८.३३ ऐवजी ६८.४३ लिहावे. वक्र पुन्हा सर्व बिंदूंमधून जातो, गुण पुन्हा १. परंतु २०५१ चे उत्तर येते अवघे २७ कोटी. सात बिंदूंसाठी सात गुणक वापरले, की वक्र आकड्यांमधील प्रत्येक बारीक हेलकावा पाठ करतो आणि बिंदू संपताच तोच हेलकावा अनेक पटींनी वाढवितो.

दहा लाखांचा फरक काल्पनिक वाटेल, पण १९८१ मध्ये आसामात जनगणना होऊच शकली नव्हती. तेथील संख्या अंदाजाने धरली गेली आणि देशाची बेरीज नंतर सुधारावी लागली. १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरबाबतही तेच घडले. म्हणजे ज्या बिंदूंना आपण पक्के मानतो, त्यांतील काही स्वतःच अंशतः अंदाज आहेत.

म्हणूनच लोकसंख्येचे अधिकृत अंदाज बांधणारे तज्ज्ञ एकूण संख्येतून नुसती रेषा ओढत नाहीत. वयोगटानुसार जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांचा हिशेब मांडून ते पुढे सरकतात. त्यांचेही अंदाज चुकू शकतात. मात्र कोणते गृहीतक चुकले, ते बोट ठेवून दाखविता येते. घरी प्रयोग करणाऱ्यांनी निदान शेवटचे दोन आकडे झाकून वक्र काढावा आणि मग ते उघडून पाहावेत.