हिमयुगाचे प्रेक्षक आणि प्रवरेचा काठ

2002 च्या ‘आइस एज’ची उत्तरकथा, कार्लोस साल्डान्हा दिग्दर्शित ‘आइस एज : द मेल्टडाउन’, 2006 साली पडद्यावर आली, तेव्हा कथानक विसविशीत असल्याची फिर्याद अनेक समीक्षकांनी गुदरली, परंतु एका ओकफळापायी जिवाचे रान करणाऱ्या स्क्रॅट नावाच्या खारीवर बालगोपाळ इतके लुब्ध झाले, की जगभरचा गल्ला 65 कोटी डॉलरांपलीकडे गेला. 2009 च्या तिसऱ्या भागात मॅमथांच्या भेटीस भूगर्भातून डायनोसॉर आणले, त्यावरचा आक्षेप मात्र अधिक सबळ होय. कारण डायनोसॉर लोपले सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे ज्या काळ्या पाषाणावर आपला नगर जिल्हा वसला आहे तो लाव्हारूपाने वाहत होता त्या सुमारास, आणि मॅमथ तर त्यामानाने कालपरवाचा. मॅमथांच्या त्या हिमयुगात या मुलखावर हिमस्तर पसरले नाहीत. तथापि हिमयुगाच्या समकालीन पशूंचा दाखला येथेही आहे, कारण नेवाशानजीक प्रवरेच्या काठी गोट्या-वाळूच्या घट्ट थरांतून पुराश्मयुगीन दगडी हत्यारे व प्राचीन जनावरांची अश्मीभूत हाडे उजेडात आली, आणि त्यांचा साद्यंत वृत्तांत डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी 1956 साली प्रसिद्ध केला.